आधी गेलेल्यांच्या ओळीत

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या कानामागे बोट घालून दांडी नीट बसली का ते बघताना आर्डिस श्वास रोखून धरायची, कारण इतक्या जवळून कुणाच्या तोंडावर श्वास सोडणं बरं दिसत नाही. एकोणीस वर्षांची सवय. त्या मंगळवारीही तिने तो धरला होता. समोरची बाई साठीच्या पुढची, डोक्याला विणलेली टोपी, परगावची. डाव्या दांडीचा स्क्रू ढिला झाला म्हणून रस्त्यावरून सहज आत आलेली. आर्डिसने स्क्रू पिळला, काचा पुसल्या, चष्मा तिच्या नाकावर ठेवला. बाईला नीट दिसायला लागलं आणि ती आर्डिसकडे बघतच राहिली. मग हवापाण्याविषयी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "तुम्ही आल्मा सोर्विकची धाकटी ना? थीफ रिव्हर फॉल्सची? मला वाटलं होतं तुम्ही वारलात. पेपरात आलं होतं."

"नाही," आर्डिस म्हणाली. "माझ्या कानावर तरी नाही आलेलं."

दोघी हसल्या. बाई म्हणाली, आज सरोवरावर धुकं फारच आहे, बंदरातला पूलसुद्धा दिसत नाही. आर्डिस म्हणाली, दुपारपर्यंत उठेल. बाई गेली, दारावरची घंटा वाजली, आणि आर्डिसच्या लक्षात आलं की आपण धरलेला श्वास अजून सोडलेलाच नाही. तो सोडताना तिचा हात बारक्या स्क्रूंच्या डबीला लागला आणि सगळे स्क्रू जमिनीवर सांडले. लोहचुंबक घेऊन ती गुडघ्यांवर बसली. तिळाएवढे स्क्रू टिकटिक करत चुंबकाला चिकटत होते. सगळे गोळा झाले तरी ती तशीच बसून राहिली. उठायचं आहे हे तिला कळत होतं, पाय कुठे आहेत हेही कळत होतं, पण उठायचं कुणी हे काही केल्या कळेना. चौसष्ट वर्षांची बाई, दिवसाढवळ्या, डुलुथसारख्या शहरात, काउंटरच्या मागे जमिनीवर. कुणी आलं असतं तर तिने स्क्रू शोधते आहे असं सांगितलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. कुणी आलं नाही. बाहेर बंदरातला धुक्याचा भोंगा वाजला, आणखी एकदा वाजला, आणि आठ महिने जे तिने डोक्याच्या एका कोपऱ्यात, वापरात नसलेल्या भांड्यासारखं पालथं घालून ठेवलं होतं ते सुलटं झालं.

आठ महिन्यांपूर्वी आई गेली तेव्हा मार्लिसचा फोन आला होता. मार्लिस थोरली, चार वर्षांनी मोठी, लग्न न केलेली, शेवटपर्यंत आईजवळ राहिलेली. ती म्हणाली, "आई गेली. अंत्यविधी सोमवारी अकरा वाजता, चर्चमध्ये." आर्डिस म्हणाली, बरं. एवढंच. चार तास गाडी चालवून ती पोचली तेव्हा दारात उभा असलेला गृहस्थ प्रत्येकाच्या हातात देत होता तसा घडीचा कागद त्याने तिच्याही हातात दिला. वर आईचा फोटो, खाली पेपरात आलेला मजकूर. तिकडे कुणी वारलं की अशा मजकुराच्या शेवटी दोन याद्या असतात: मागे कोण कोण राहिलं, आणि आधी कोण कोण गेलं. दुसऱ्या बाकावर बसून, ऑर्गन चालू असताना, चष्मा न लावता आर्डिसने वाचलं. मागे राहिली: मुलगी मार्लिस. आधी गेले: पती पामर, तान्हा मुलगा लेलँड, मुलगी आर्डिस. तिने चष्मा लावला. चष्मा लावून फार काही फरक पडला नाही. शेजारी मार्लिस ताठ बसली होती, हातमोजे काढून मांडीवर ठेवलेले. मग प्रार्थना, मग चर्चच्या तळघरात जेवण, लांबच लांब टेबलं, झाकण काढलेल्या, मांस-बटाटे भाजलेल्या हॉटडिशांची वाफ, खजुराच्या वड्या, मोठ्या किटलीतली कॉफी. दीडशे माणसं. सगळ्यांनी ते वाचलेलं. एकानेही तोंडातून ब्र काढला नाही. लहानपणी तिला सायकल शिकवणारा शेजारचा म्हातारा तिचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "छान दिसते आहेस तू, आर्डिस," आणि इतका वेळ हलवत राहिला की तिलाच तो सोडवून घ्यावा लागला. असं तिकडे शवपेटीतल्या माणसाविषयी म्हणतात, जिवंत माणसाला कुणी सांगतं का, हे तिला तेव्हा सुचलं नाही, गाडीत सुचलं. तिने मार्लिसबरोबर भांडी पुसली. निघताना मार्लिसने उरलेली हॉटडिश फॉइलमध्ये बांधून दिली. ती डुलुथला येईपर्यंत मागच्या सीटवर होती, तिचा वास आठवडाभर गाडीतून गेला नाही.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर मार्व्ह कोवाच नावाचा वकील बसायचा. दहा वर्षं आर्डिस त्याचे चष्मे सरळ करत होती, कारण तो ते खुर्चीवर ठेवायचा आणि मग त्यांच्यावर बसायचा. जमिनीवरून उठल्यावर ती जिना चढून त्याच्याकडे गेली. का गेली, हे तिला नीटसं सांगता आलं नसतं. त्याचा चष्मा तयार होता, तो द्यायचा होता, हे एक कारण होतंच. कोवाच उत्तरेच्या लोखंडाच्या खाणींकडचा, मोठ्या आवाजाचा, गळ्यात रुमाल बांधून मांसाची करंजी खाणारा माणूस. त्याने विचारलं कॉफी घेणार का. ती म्हणाली, नको. त्याने किटली जागेवर ठेवून दिली. तिला कॉफी हवी होती. तिच्या गावाकडच्या लोकांत पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा उगाच कशाला म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की बरं, अर्धा कप चालेल म्हणायचं; पहिल्याच वेळी हो म्हणणारा हावरट, आणि दोनदा विचारून थांबणारा मुळात द्यायला नाखूश. खाणीकडच्यांना हे ठाऊक नसतं. ती कोरड्या तोंडाने बोलायला लागली, आणि आपण काय बोलतो आहोत ते ऐकत राहिली.

कोवाचने करंजी खाली ठेवली. "भयंकर आहे हो," तो ओरडला. मग आपणच हात वर करून म्हणाला, "पण माझं ओरडणं कोर्टात धरत नाहीत. आमच्या घरात मीठ कमी पडलं तरी ओरडतात."

मग त्याने समजावलं. जाणूनबुजून एखाद्याच्या जिवाला यातना दिल्या तर त्याबद्दल दावा लावता येतो. पण चार गोष्टी दाखवाव्या लागतात आणि चारही एकाच दावणीला बांधलेल्या. केलेलं कृत्य साधं वाईट नव्हे, सभ्यपणाच्या सगळ्या हद्दी ओलांडणारं हवं. टोमणे, अपमान, कुजकेपणा यांत ते बसत नाही, ते माणसाने सोसायचंच असतं. ते मुद्दाम केलेलं हवं, किंवा परिणामाची पर्वा न करता. त्यानेच यातना झाल्या हे दाखवायचं. आणि यातना कशा, तर कुठल्याही शहाण्या माणसाला सोसवणार नाहीत अशा. "पहिल्या गोष्टीची कसोटी सोपी आहे," कोवाच म्हणाला. "हकिकत रस्त्यावरच्या चारचौघांतल्या माणसाला सांगायची. त्याच्या तोंडून आपोआप निघायला हवं, की छे, हा तर कहर झाला." आर्डिसने मान डोलावली. ती चारचौघांतल्या माणसांना ओळखत होती. जन्मभर त्यांच्यातच राहिली होती, आणि त्यांच्यातल्या कुणाच्या तोंडून आपोआप काही निघाल्याचं तिच्या स्मरणात नव्हतं.

तरी तिने करून पाहिलं. परीक्षाच घ्यायची तर ती नीट घ्यावी. शेजारच्या बर्निसला तिने कुंपणापाशी सगळं सांगितलं. बर्निसने हातातली कात्री बंद केली, बराच वेळ झुडपाकडे पाहिलं आणि म्हणाली, "हं. जरा वेगळंच आहे हे." आता, बर्निससारख्या बाईने वेगळं म्हणणं म्हणजे दुसऱ्या कुणी ताट भिरकावण्यासारखं आहे, हे आर्डिसला कळलं, पण न्यायाधीशाला कळेल का? पाद्रीबुवा म्हणाले, दुःखात माणसाला सुचत नाही. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला तिने एका मैत्रिणीची गोष्ट म्हणून सांगितलं, तर तो म्हणाला, त्याच्या काकांच्या वेळी पेपरवाल्यांनी फोटोच दुसऱ्याचा छापला होता. शेवटी घरी न्हाणीघराच्या आरशासमोर उभी राहून ती स्वतःच ओरडून बघायला गेली. जो आवाज निघाला तो मांजराला हाक मारल्यासारखा होता. तिला हसू आलं, आणि हसताना आरशातल्या बाईकडे बघून तिला वाटलं की ही कोण, हिची काय तक्रार आहे, हिला काय हवंय.

काय हवंय हे कोवाचनेही विचारलं होतं. तिने चटकन सांगितलं होतं, मला कळायला हवंय की मार्लिसने तो मजकूर मुद्दाम तसा दिला का. कोवाच म्हणाला, मग फोन करा की बहिणीला आणि विचारा. सोर्विकांच्या घरात असं विचारत नसत. तिच्या वडिलांनी शेत विकलं ते पोरींना नव्या मालकाचा ट्रॅक्टर दारात आला तेव्हा कळलं. लेलँडचं नाव आईने फक्त दरवर्षी एकदा, स्मशानातलं गवत कापायला जाताना घेतलं. अशा घरात सरळ प्रश्न विचारायचा तर तो विचारायला सरकारी माणूस लागतो, आणि उत्तर देणाऱ्याला शपथ घ्यावी लागते. दावा लावला की मार्लिसला बोलावता येईल, समोर बसवता येईल, आणि टाइप करणारी बाई उत्तराचा शब्दन् शब्द उतरवून घेईल. एका प्रश्नासाठी एवढा खटाटोप. आर्डिसने सही केली, आणि मग त्या सहीकडे निरखून पाहिलं. हे अलीकडचंच. स्वतःचं नाव कुठेही लिहिलं की ती जरा थांबून बघायची, जणू कुणी येऊन खोडणार आहे.

मुद्दाम की चूक. बसच्या थांब्यावर, काउंटरवर, बटाटे सोलताना ती हे दोन दगड उजव्या हातातून डाव्या हातात घेत राहिली. चूक असणं अगदी शक्य होतं. अंत्यविधीवाल्यांच्या फॉर्मवर दोन रकाने शेजारी शेजारी असतात. मार्लिसचं अक्षर उभट, ओळ जरा तिरकी गेली की जिवंत माणूस पलीकडे. पण मग नंतर दुरुस्ती का नाही छापली? आणि चूक असेल तर, हे तिला मोठं विचित्र वाटायचं, चूक असेल तर आपल्याला बरं वाटेल असं तिला वाटत नव्हतं. चुकीत कुणी कुणाची आठवण काढत नाही. मुद्दाम असेल तर निदान एक संध्याकाळ मार्लिस स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली असेल, पेन्सिल हातात धरून तिने आपला विचार केला असेल. सात वर्षांची असताना आर्डिस बटाट्यांच्या तळघरात उतरली होती आणि वरून झडप बंद झाली होती. किती वेळ गेला देव जाणे. मातीचा, मोडांचा वास, आणि वर मार्लिसची पावलं, येणारी, जाणारी. मग झडप उघडली आणि मार्लिस म्हणाली, तू आत आहेस हे मला माहीत नव्हतं. सत्तावन्न वर्षं आर्डिसने ते खरं धरलं होतं. आता ती रात्रीच्या जेवणाला एकटी बसून ती पावलं पुन्हा मोजायची, आणि मोजताना घास गार व्हायचा.

चौथी गोष्ट, यातनांची, त्याहून अवघड निघाली. कोवाचने डॉक्टरांचे कागद मागवले आणि ते वाचून कपाळाला हात लावला. डॉक्टरांनी विचारलं होतं, कशा आहात? ती म्हणाली होती, ठीक. झोप? ठीक. जेवण? तक्रार नाही. वजन आठ महिन्यांत एकोणीस पौंडांनी उतरलं होतं, तेही डॉक्टरांनी लिहिलं होतं, आणि पुढे लिहिलं होतं: रुग्णाच्या म्हणण्याप्रमाणे उन्हाळ्यात बागकाम जास्त झालं. "तुमच्या यातनांचा एकमेव साक्षीदार तुम्ही, आणि तुम्हीच फितूर," कोवाच म्हणाला. मग त्याने वही उघडली आणि म्हणाला, मला सांगा, काय काय होतं. आर्डिसने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. काय सांगायचं? की एकदा धुक्यात बस तिच्यासमोरून न थांबता निघून गेली आणि तिला राग आला नाही, ते बरोबरच वाटलं. की फोन वाजला तर ती आधी ऐकते, आपल्यालाच आहे का. की चर्चमध्ये कॉफी ओतताना कुणी तिचा कप विसरलं तर ती मागत नाही. की आपण मेलो असतो तर आईला सांगायला कोण गेलं असतं, याचा विचार करता करता एकदा उजाडलं. यातलं काय सोसवणार नाही असं होतं? ती तर सोसतच होती. दुकानात जात होती, स्क्रू पिळत होती. "ठीक आहे मी तशी," ती म्हणाली, आणि कोवाचने पेन बंद केलं.

मग त्याने सहज विचारावं तसं विचारलं, "आई आजारी असताना तुम्ही किती वेळा गेलात?" तिने सांगितलं, शेवटच्या चौदा महिन्यांत नाही. मार्लिसनेच फोनवर नको म्हटलं होतं. आईला काही आठवत नाही, माणसं बघितली की ती गोंधळते. कोवाच म्हणाला, उत्तम, म्हणजे ती तुम्हाला आईपासून तोडत होती, हे आपल्या बाजूचं आहे. आर्डिसने हो म्हटलं. पण जिना उतरताना ती मधल्याच पायरीवर थांबली, कारण एक गोष्ट तिने सांगितली नव्हती आणि स्वतःलाही फारशी सांगत नसे: मार्लिसने नको म्हटलं तेव्हा तिला सुटल्यासारखं झालं होतं. फोन ठेवून तिने त्या दिवशी केक भाजला होता.

साक्षीचा दिवस ऑक्टोबरातला निघाला; खटल्याआधीची ही साक्ष वकिलाच्याच ऑफिसात घेतात. मार्लिसने वकील केला नाही. समन्स घेऊन आलेल्या पोलिसाला तिने कॉफी आणि दोन वड्या दिल्या आणि सांगितलं, मला तोंड आहे, दुसऱ्याचं कशाला भाड्याने घेऊ. पहाटे निघून, चार तास गाडी चालवून, ठरल्या वेळेआधी दहा मिनिटं ती कोवाचच्या ऑफिसात येऊन बसली. चर्चचा निळा पोशाख, पायात बर्फाचे बूट, बर्फ नव्हता तरी. आर्डिसला पाहून म्हणाली, "बारीक झालीस." आर्डिस म्हणाली, "रस्ता कसा होता?" मार्लिस म्हणाली, बेमिजीपाशी काम चालू आहे, एरवी बरा. टेबलाच्या टोकाला टाइप करणारी बाई बोटं मोडून तयार झाली. कोवाचने आर्डिसला आधीच बजावून ठेवलं होतं, तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही. तशी ती मूग गिळून बसण्यात तरबेज होती, तिला त्याची चिंता नव्हती. तिला मार्लिसच्या हातांची चिंता वाटत होती. ते सुजलेले होते, सांधे वाकडे झालेले. चौदा महिने रोज एका म्हाताऱ्या शरीराला उचलून ठेवल्यावर हात असे होतात का, की ते आधीपासून तसेच होते आणि आपण कधी पाहिले नाहीत?

शपथ झाली. कोवाचने घडीचा कागद पुढे सरकवला. हा मजकूर तुम्ही लिहिलात? हो. तुमच्या हाताने? पेन्सिलीने, मग पेनाने. अंत्यविधीवाल्यांकडून काही चूक झाली? नाही, ते व्यवस्थित लोक आहेत. आर्डिसच्या कानात भोंगा वाजल्यासारखं झालं, पण बाहेर लख्ख ऊन होतं. दोन दगडांपैकी एक आपोआप खाली पडला होता आणि उरलेला पेलताना तिचा हात भरून आला.

"तुमची बहीण हे वाचेल हे माहीत होतं?" कोवाचने विचारलं.

"तिला वाचता येतं."

"तिच्या जिवाला लागेल, हेही माहीत होतं?"

मार्लिसने थोडा विचार केला. शपथ घेतली होती म्हणून केला असावा. "हो," ती म्हणाली. "लागेल हे माहीत होतं."

"आणि तरी लिहिलंत."

"तरी लिहिलं."

कोवाच मागे रेलला. त्याच्या तोंडावरचा आनंद त्याला लपवता आला नाही. दुसरी गोष्ट हातात आली होती, अशी सोन्यासारखी कबुली वकिलाला वर्षानुवर्षं मिळत नाही. त्याने कागद आवरायला घेतले, कारण शहाणा वकील इथेच थांबतो. का, हे तो कधी विचारत नाही. पण आर्डिसला चार गोष्टींतली एकही त्या क्षणी आठवत नव्हती. तिने एवढंच पाहिलं की मार्लिस आता उठणार, बूट वाजवत जिना उतरणार, चार तासांच्या वाटेला लागणार, आणि मग पुन्हा कुणी कुणाला काही विचारणार नाही.

"का, मार्लिस?" ती म्हणाली.

कोवाचने तिच्या बाहीवर हात ठेवला. टाइप करणाऱ्या बाईने वर पाहिलं आणि तेही उतरवून घेतलं. मार्लिसने प्रथमच मान वळवून बहिणीकडे पाहिलं, पुरतं पाहिलं.

"तू दोनदाच विचारलंस," ती म्हणाली.

कोवाच म्हणाला, काय दोनदा, कशाबद्दल बोलताय. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. आर्डिसला समजलं होतं. खोलीत तिला एकटीला समजलं होतं, आणि ते इतकं लख्ख समजलं की इतक्या महिन्यांत काहीच समजलं नसल्याचं तिच्या ध्यानात आलं. येऊ का, असं तिने त्या फोनवर विचारलं होतं. मार्लिस म्हणाली होती, नको. येते ना, खरंच. नको गं, उगाच कशाला चार तास. आणि पलीकडे मार्लिस फोन धरून थांबली होती. दोन श्वास, तीन श्वास. आर्डिसला तो थांबा ऐकू आला होता. बरं, असं म्हणून तिने फोन ठेवला होता आणि केक भाजला होता.

"मी रिसीव्हर धरून उभी होते," मार्लिस म्हणाली. "वाटलं, लाइन गेली असेल, पुन्हा लावशील. दुसऱ्या दिवशीही वाटलं." तिचा आवाज चढला नाही. ती कोवाचला सांगू लागली, कारण आर्डिसला सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. आई सगळं विसरली, चमचा कशाला असतो तेही. पण आर्डिस कुठे, हे रोज. मी सांगायची रविवारी येणार आहे. तर रविवार कुठला हे तिला कळायचं नाही, म्हणून ती रोजच कोट घालून खिडकीत बसायची, सकाळपासून. कोट काढू द्यायची नाही. जेवण त्या कोटातच. चार महिने असं चाललं. मग एके दिवशी मी सांगितलं, आर्डिस गेली, आई. वारली. वाटलं, एकदा रडेल आणि सुटेल, उद्या विसरेल, बाकीचं विसरते तसं.

"विसरली नाही," मार्लिस म्हणाली. "तेवढं एक नाही विसरली. माझं नाव विसरली."

टाइप करणाऱ्या बाईची बोटं जरा मागे पडली आणि मग त्यांनी मार्लिसला गाठलं. कोवाचच्या गळ्यात सकाळच्या करंजीचा रुमाल अजून तसाच होता. आर्डिसला आपल्या आतून काहीतरी वर येईल असं वाटत होतं, ते जे चारचौघांतल्या माणसाच्या तोंडून आपोआप निघतं म्हणतात ते. पण कुणावर? कहर कुणी केला होता, कुणी कुणाला काय दिलं होतं, आणि मुद्दाम कुणी? तिने बहिणीच्या सुजलेल्या हातांकडे पाहिलं. आई दहा महिने आर्डिससाठी रडली होती, आणि आर्डिस त्याच वेळी इथे लोकांच्या कानामागे बोटं घालून श्वास धरत होती. त्या रडण्यातलं काहीसुद्धा चार तासांची वाट ओलांडून इकडे आलं नव्हतं.

"आईचा मजकूर होता तो," मार्लिस म्हणाली. "तिला जसं ठाऊक होतं तसा लिहिला. तुझ्या जिवाला लागेल हे माहीत होतं, पण ते नंतरचं. आधी मी तिला पेपरात खोटं पाडणार नव्हते." पुढचं सांगायचं की नाही हे तिने ठरवलं असावं, आणि सांगायचं ठरवलं, कारण सगळं सांगायची शपथ होती. "गुरुवारी दुपारी तिने पुन्हा कोट मागितला. किती महिन्यांनी. मी घातला. बटणं तिने स्वतः लावली. म्हणाली, चल, आर्डिस थांबली असेल माझ्यासाठी, तिला थंडीत किती वेळ उभं ठेवायचं. खूश होती. मी तिला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. आणि तासाभरात गेली."

खिडकीतून सरोवर दिसत होतं, निळंशार, आणि बंदरात शिरणारं एक जहाज. कोवाच म्हणाला, आपण इथे जरा थांबू या. आर्डिसच्या डोळ्यांसमोर आई होती, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, कुठल्याशा मोकळ्या, गार जागेत नुकतीच पोचलेली, लगबगीने, इकडेतिकडे बघणारी. पामर असेल तिथे. लेलँड असेल. ती त्यांच्यावरून नजर फिरवून पुढे बघत असेल.

"म्हणजे मी तिथेही नव्हते," आर्डिस म्हणाली.

मार्लिसने टेबलावरून आपला हात तिच्यापर्यंत आणला आणि ठेवला.

"नाही," ती म्हणाली. "नव्हतीस."